किलोच्या भावात जाणारा जुना संगणक आणि फक्त त्यावरच नीट चालणारे खेळ

भंगाराच्या गाळ्यात जुना संगणक आला की त्याचा हिशेब ठरलेला असतो. कॅबिनेटचा पत्रा वेगळा, तारांतले तांबे वेगळे, मदरबोर्ड वेगळा आणि प्रोसेसर वेगळा. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पायांना सोन्याचा मुलामा असतो. म्हणून ४८६ आणि १९९५ सालचा पेंटियम प्रो यांना सोने गाळणारे आवर्जून मागणी करतात. दिल्लीतील सीलमपूर व उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे बोर्ड जाळण्याचे आणि आम्लात बुडवण्याचे काम वर्षानुवर्षे होत आले आहे. त्याची किंमत तिथल्या कारागिरांनी आपल्या छातीने आणि फुप्फुसांनी चुकवली आहे.

आमच्या वाचकांत भंगाराचा, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा आणि संगणक जोडणीचा धंदा करणारे बरेच बांधव आहेत. जो संगणक आपण मोडीत काढतो, त्यातील काही भाग अखंड व चालू स्थितीत असतील तर त्यांना मोडीपेक्षा जास्त मोल देणारे गिऱ्हाईक आज जगात आहे, हे त्यांच्या कानावर घालावे म्हणून हा लेख. हे गिऱ्हाईक म्हणजे जुने संगणकीय खेळ खेळणारे शौकीन. १९८० ते २००० च्या दरम्यान तयार झालेले अनेक खेळ त्या काळच्या यंत्रावरच जसे हवे तसे चालतात. असे का होते, हे समजले की कोणता भाग ठेवावा आणि कोणता सोडावा हे आपोआप समजते. म्हणून आधी कारण सांगतो, मग धंद्याचे बोलू.

खेळ यंत्राच्या मापाने बेतलेला

भिवंडी-मालेगावच्या आमच्या बांधवांना जकार्डची पुठ्ठ्याची कार्डे ठाऊक आहेत. ज्या मागासाठी कार्डे कापली, त्याच्या हुकांच्या संख्येला ती जुळलेली असतात. दुसऱ्या मापाच्या जकार्डवर तीच कार्डे चढवली तर नक्षी बिघडते. जुन्या खेळांचे तसेच आहे. खेळ लिहिणाऱ्याने आपल्यासमोरच्या यंत्राचा वेग, त्याचा आवाज व त्याचा पडदा हे गृहीत धरूनच आपली आज्ञावली बेतलेली असे.

वेगाचे पाहू. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यातील इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने चालत होता. सर्वांकडे हाच वेग आहे, तेव्हा घड्याळ पाहण्याची गरज काय, असा विचार त्या काळच्या अनेक खेळकर्त्यांनी केला. पात्र एक पाऊल पुढे गेले की यंत्राला ठरावीक वेळा रिकामे मोजायला लावायचे आणि मग दुसरे पाऊल टाकायचे, अशी त्यांची रीत होती. १९८३ सालचा 'डिगर' हा जमीन खणण्याचा खेळ अशाच काळातला. पुढे १९८४ साली ६ मेगाहर्ट्झचा एटी संगणक आला, त्यानंतर ३८६, ४८६ आणि १९९३ साली ६० व ६६ मेगाहर्ट्झचे पेंटियम आले. यंत्र तेच मोजणे दहापट-वीसपट लवकर संपवू लागले. परिणाम असा, की खेळ सुरू झाला म्हणेपर्यंत खेळाडू मेलेला.

त्या काळच्या कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचे एक बटण असे. पुष्कळांना वाटे की ते यंत्राचा वेग वाढवण्यासाठी आहे. प्रत्यक्षात यंत्र नेहमी पूर्ण वेगाने चालावे आणि गरज पडेल तेव्हा ते मंद करता यावे, यासाठी ते बटण दिलेले होते. जुने खेळ व जुनी आज्ञावली चालवण्यासाठी केलेली ही सोय होती.

१९९० सालचा 'विंग कमांडर' हा अवकाशयुद्धाचा खेळ ३८६ यंत्रावर छान चालतो. वेगवान ४८६ वर शत्रूची विमाने डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच निघून जातात. याउलट १९९३ सालच्या 'डूम' या खेळात कर्त्यांनी काळ सेकंदाच्या ३५ भागांत मोजला आहे. यंत्र कितीही वेगवान असो, डूमची चाल बदलत नाही. म्हणजे सर्वच जुने खेळ जुन्या यंत्रावर अडून बसलेले नाहीत. ज्यांनी घड्याळ पाहिले ते तरले आणि ज्यांनी यंत्राच्या वेगालाच घड्याळ मानले ते अडकले.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. बोर्लंड कंपनीच्या टर्बो पास्कल भाषेत लिहिलेले बरेच कार्यक्रम सुरू होतानाच यंत्राचा वेग मोजत. सुमारे ५५ हजारांश सेकंदात यंत्र किती फेऱ्या मारते ते पाहायचे आणि त्या संख्येला ५५ ने भागायचे. भागाकार एका लहान खान्यात ठेवायचा असे. सुमारे २०० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वेगवान प्रोसेसरवर ही संख्या इतकी मोठी येते की ती त्या खान्यात मावत नाही. छोट्या काट्यावर क्विंटलचे पोते ठेवावे तसा प्रकार. मग कार्यक्रम 'रनटाइम एरर २००' असा संदेश देऊन बंद पडतो. संदेशात शून्याने भागल्याची तक्रार असते, पण खरे दुखणे यंत्राच्या वेगाचे असते. अशा वेळी यंत्र बिघडले समजून गिऱ्हाइकाकडून दुरुस्तीचे पैसे घेणारा कारागीर स्वतःही फसतो व गिऱ्हाइकालाही फसवतो.

कारागिरांसाठी एक उपयोगी युक्ती अशी की ४८६ किंवा पेंटियमच्या बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची अंतर्गत कॅश बंद केली की यंत्र बरेच मंदावते, जवळपास ३८६ च्या चालीवर येते. त्यामुळे एकच पेंटियम यंत्र दोन-तीन पिढ्यांच्या खेळांना उपयोगी पडू शकते. जुन्या यंत्राच्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट दाखवून दिली तर तो आपल्याकडेच परत येतो.

आवाजाची कार्डे

आयबीएमच्या पहिल्या पीसीत आवाजासाठी फक्त एक लहानसा स्पीकर होता आणि तो 'टीं टीं' करण्यापलीकडे फारसे काही करत नसे. १९८७ साली कॅनडातील अ‍ॅडलिब कंपनीने यामाहाची चिप बसवलेले संगीताचे कार्ड काढले आणि संगणकावरच्या खेळांना संगीत मिळाले. त्याच चिपवर आवाज मुद्रित करण्याची व वाजवण्याची सोय जोडून सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली 'साउंड ब्लास्टर' आणले. अ‍ॅडलिबसाठी लिहिलेले खेळ त्यावर जसेच्या तसे चालत आणि शिवाय माणसाचा आवाजही ऐकू येई. बाजार क्रिएटिव्हकडे वळला आणि १९९२ साली अ‍ॅडलिबचे दिवाळे निघाले.

आमच्या कारागीर बांधवांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्रिएटिव्ह कंपनीची सुरुवात १९८१ साली सिंगापूरच्या चायनाटाउन भागातील एका लहानशा संगणक दुरुस्तीच्या दुकानात झाली. सिम वाँग हू हे तिचे संस्थापक. दुसऱ्यांची यंत्रे उघडून दुरुस्त करता करता त्यांत काय कमी आहे हे त्यांना उमगले आणि त्यातून पुढे जगभर विकला जाणारा माल तयार झाला. दुरुस्तीचे काम हलके समजणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे.

आता ही कार्डे नव्या संगणकात का चालत नाहीत? कारण ती आयएसए नावाच्या लांब, काळ्या खाचेत बसतात. सन २००० च्या सुमारास ही खाच मदरबोर्डवरून नाहीशी होत गेली. शिवाय डॉसमधील खेळ विंडोजच्या मार्फत आवाज मागत नाही. तो थेट कार्डाच्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो. हा पत्ता बहुधा २२०, आयआरक्यू ५ किंवा ७ आणि डीएमए १ असा असतो. त्या पत्त्यावर कोणी नसेल तर खेळ मुका राहतो. आजच्या मदरबोर्डवरील आवाजाची चिप उत्तम आहे, पण ती या पत्त्यावर राहत नाही.

शौकिनांच्या दृष्टीने याहून वरची पायरी म्हणजे १९८७ सालचे रोलँड एमटी-३२. हे कार्ड नसून बाहेरून जोडायचा संगीताचा डबा आहे. सिएरा कंपनीने १९८८ सालच्या 'किंग्ज क्वेस्ट ४' या खेळाचे संगीत याच डब्यासाठी करून घेतले होते. तेच संगीत लहान स्पीकरवर, अ‍ॅडलिबवर आणि एमटी-३२ वर ऐकले तर तीन वेगवेगळ्या चाली ऐकत आहोत असे वाटते. असा डबा कोणत्याही जुन्या स्टुडिओच्या किंवा वाद्यवृंदाच्या सामानात निघू शकतो. त्याच्यावर संगणकाची कसलीही खूण नसते, म्हणून तो ओळखता आला पाहिजे.

पडदा: पिक्चर ट्यूब आणि सपाट मॉनिटर

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बांधवांना हा भाग चटकन कळेल. १९८७ साली आलेल्या व्हीजीए पद्धतीत बहुतेक खेळ आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके व २५६ रंग या मापात काढलेले असत. ३२० बाय २०० हे माप चार-तीनच्या पडद्यावर पूर्ण पसरवले की प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच होतो. चित्रकाराने चित्रे याच हिशेबाने काढलेली असत. आजच्या रुंद सपाट पडद्यावर तेच चित्र ताणले गेले तर माणसे आडवी फुगलेली दिसतात आणि गोल चेंडू अंड्यासारखा होतो.

दुसरी बाब चित्राच्या धावेची. व्हीजीएच्या या पद्धतीत चित्र सेकंदाला ७० वेळा नव्याने काढले जाते. बहुतेक साधे सपाट मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. ७० चा माल ६० च्या पोत्यात भरायचा म्हणजे दर सेकंदाला काही चित्रे गाळावी लागतात. म्हणून बाजूला सरकणारे दृश्य अडखळत पुढे जाते. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवर ते पाण्यासारखे वाहते. शिवाय ट्यूबचा ठिपका किंचित पसरतो, कडा मऊ होतात आणि कमी ठिपक्यांत काढलेले चित्र भरीव दिसते.

तिसरी बाब आपल्याकडच्या घराघरांत अनुभवास आलेली आहे. १९९० च्या दशकात भारतात टीव्हीला जोडायचे 'व्हिडिओ गेम' म्हणून जे संच विकले गेले, त्यातील पुष्कळसे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्यासोबत बंदूक येई आणि बदके टिपण्याचा 'डक हंट' हा १९८४ सालचा खेळ येई. ही बंदूक टीव्हीकडे काहीही सोडत नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. दोन बदके असतील तर एकामागून एक दोन चौकोन. नेमक्या त्या वेळी बंदुकीला प्रकाश दिसला तर बदक पडले असे यंत्र मानते. पिक्चर ट्यूबवर संदेश आला की त्याच क्षणी प्रकाश उमटतो. सपाट टीव्ही आलेल्या चित्रावर आधी आपली प्रक्रिया करतो आणि काही हजारांश सेकंद उशिरा ते दाखवतो. तोवर बंदुकीने 'नेम चुकला' असा निकाल दिलेला असतो. म्हणून मुलांच्या हौसेसाठी जुना संच माळ्यावरून काढून नव्या टीव्हीला जोडणाऱ्यांना वाटते की बंदूक बिघडली. बंदूक चांगली असते, पण तिच्या जोडीचा टीव्ही घरातून गेलेला असतो.

थ्रीडी कार्ड आणि विंडोजची अडचण

१९९६ साली अमेरिकेच्या थ्रीडीएफएक्स कंपनीने 'व्हूडू' नावाचे चित्रांचे कार्ड काढले. त्याच्याशी बोलण्यासाठी 'ग्लाइड' नावाची स्वतंत्र भाषा होती आणि ती दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांना येत नसे. १९९८ सालच्या 'अनरिअल' सारखे खेळ त्या काळी या कार्डावर सर्वांत देखणे दिसत. पुढे कंपनी अडचणीत आली आणि डिसेंबर २००० मध्ये तिची मालमत्ता एनव्हिडिया कंपनीला विकण्याचे जाहीर झाले. कार्डे बनणे थांबले, खेळ मात्र राहिले. म्हणून आजही व्हूडू कार्डाला मागणी आहे.

विंडोजच्या बाजूनेही दारे बंद होत गेली. १६-बिट पद्धतीने लिहिलेले कार्यक्रम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत आणि २०२१ साली आलेले विंडोज ११ घरगुती संगणकांसाठी केवळ ६४-बिटचेच आहे. सीडीवर विकलेल्या अनेक खेळांत चोरी रोखण्यासाठी 'सेफडिस्क' नावाचे कुलूप घातलेले असे. २०१५ सालच्या विंडोज १० पासून त्या कुलपाची किल्लीच काढून टाकण्यात आली, कारण तिच्यामुळे संगणकाच्या सुरक्षिततेला धोका होता. पैसे देऊन घेतलेली अस्सल सीडी हातात असूनही खेळ सुरू होत नाही, अशी स्थिती त्यामुळे आली. अशा माणसाला विंडोज ९८ किंवा एक्सपीचा चालू संगणक हवा असतो.

मग नव्या संगणकावर उपायच नाही काय?

उपाय आहे आणि तो लपवणे योग्य नाही. २००२ साली पहिल्यांदा आलेली 'डॉसबॉक्स' ही विनामूल्य आज्ञावली नव्या संगणकात जुन्या डॉस यंत्राचे सोंग उत्तम आणते. वेग कमी-जास्त करता येतो, साउंड ब्लास्टरचे सोंगही आणता येते. ग्लाइड भाषेचा अर्थ नव्या कार्डाला समजावून सांगणाऱ्या दुभाषी आज्ञावली आहेत. २००८ साली पोलंडमध्ये सुरू झालेले 'गॉग' हे दुकान तर जुने खेळ मालकाच्या परवानगीने, नव्या विंडोजवर चालतील असे बांधून विकत आले आहे. ज्याला सहज एखादा जुना खेळ खेळून पाहायचा आहे, त्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही आणि आपण त्याला जुने यंत्र गळ्यात मारू नये.

खऱ्या यंत्राचे गिऱ्हाईक निराळे असते. कोणाला तोच आवाज हवा असतो, कोणाला तोच पडदा, कोणाला लहानपणीच्या यंत्राची कळ दाबल्याचा तोच 'टक' आवाज. काहींच्या खेळात सोंग पुरे पडत नाही. असे शौकीन अमेरिका, युरोप व जपानमध्ये बरेच आहेत, आपल्या देशातही थोडे आहेत. संख्या मोठी नाही, पण ते पारख असलेले असतात आणि चालू मालाला दाम देतात. नवा माल कारखान्यातून येणे बंद झालेले आहे, तेव्हा पुरवठा फक्त माळ्यावरून आणि भंगारातून होतो. यामुळेच भंगारवाल्याच्या नजरेला येथे महत्त्व आहे.

काय बाजूला काढावे

गोणी ओतल्यावर खालील वस्तू दिसल्या तर त्या हातोड्याखाली घालू नयेत:

१) लांब काळ्या आयएसए खाचेत बसणारी आवाजाची कार्डे, विशेषतः साउंड ब्लास्टर व अ‍ॅडलिब. यामाहाची चिप दिसली तर ते कार्ड नक्की ठेवावे.

२) 'थ्रीडीएफएक्स' किंवा 'व्हूडू' लिहिलेले कोणतेही कार्ड.

३) ३८६, ४८६ व पेंटियमचे अखंड मदरबोर्ड. त्यावरील प्रोसेसर व मेमरी सोडवू नये, कारण जोडीने मोल वाढते.

४) इंटेलच्या १९९८ सालच्या ४४०बीएक्स चिपसेटचे बोर्ड. यांतील अनेकांवर आयएसए खाच असते आणि पेंटियम २ व ३ चालतात, म्हणून डॉस व विंडोज ९८ अशा दोन्ही पिढ्यांच्या खेळांना ते चालतात.

५) चालू असलेले पिक्चर ट्यूबचे मॉनिटर, जुने कीबोर्ड, जॉयस्टिक, आणि खोक्यासह असलेले खेळ. खोके व माहितीपुस्तिका सोबत असेल तर मोल वेगळेच होते.

कार्डे उचलताना त्यांच्या सोनेरी टोकांना हात लावू नये. उघड्या गोणीत एकमेकांवर घासली जातील अशी ठेवू नयेत. वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवावीत.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी

जुन्या बोर्डाचा पहिला शत्रू म्हणजे त्याची बॅटरी. ३८६ व ४८६ च्या बोर्डावर लहान पिंपासारखी निळी किंवा हिरवी निकेल-कॅडमियम बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. ती गळली की आतील द्रव तांब्याच्या रेषा खात जातो. बोर्ड हातात आला की चालतो का हे पाहण्याच्याही आधी ही बॅटरी कापून काढावी. हिरवट जागा पातळ व्हिनेगरने पुसून मग डिस्टिल्ड पाण्याने व स्पिरिटने स्वच्छ करावी आणि पूर्ण सुकू द्यावी. नव्याने सीआर २०३२ नाण्याची बॅटरी बसवायची असेल तर मध्ये डायोड घालावा. जुना बोर्ड बॅटरी चार्ज करू पाहतो आणि ही बॅटरी चार्ज करण्याची नाही, हे विसरू नये.

दुसरा शत्रू एसएमपीएस. जुन्या एटी पद्धतीत पी-८ आणि पी-९ असे दोन कनेक्टर असतात. बसवताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट बसले तर बोर्ड जळतो. या कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टचा प्रवाह आलेला असतो, म्हणून प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नये. काही जुन्या आयएसए कार्डांना उणे ५ व्होल्ट लागतात आणि नव्या एसएमपीएसमध्ये ते नसतात, हेही तपासावे. साधारण १९९९ ते २००७ च्या काळातील पुष्कळ बोर्डांवरील कंडेन्सर सदोष निघाले. डोके फुगलेला कंडेन्सर दिसला की तो बदलावा. हे काम आमच्या टीव्ही-रेडिओच्या कारागिरांच्या हातचा मळ आहे.

जुनी हार्डडिस्क बंद पडली तर तिच्या जागी कॅमेऱ्यातील कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साध्या अ‍ॅडॉप्टरने बसते, कारण दोहोंची बोली एकच आहे. मात्र बऱ्याच जुन्या बायोसना ५०४ मेगाबाइटपेक्षा मोठी डिस्क ओळखता येत नाही, म्हणून मोठे कार्ड घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

पिक्चर ट्यूबबद्दल मात्र स्पष्ट इशारा देतो. रंगीत ट्यूबच्या मागील टोपीखाली २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. ज्याने हे काम उस्तादाच्या हाताखाली शिकलेले नाही त्याने मॉनिटर उघडू नये. ट्यूब फोडू तर मुळीच नये. तिच्या काचेत शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते.

व्यवहाराच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट कायद्याची. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांप्रमाणेच जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणणाऱ्या व्यावसायिकांनीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावयाची आहे. धंदा वाढवण्याआधी आपल्याला हे कितपत लागू होते, ते जाणकाराला विचारून घ्यावे. आम्लाचे काम घरात किंवा गल्लीत करणे कायद्याला धरून नाही आणि मुलाबाळांच्या आरोग्यालाही परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट खेळांच्या हक्काची. खेळ जुना झाला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. हार्डडिस्क भरून शेकडो खेळ टाकून देणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. आपण यंत्र विकावे, खेळ गिऱ्हाइकाने आपला घालावा.

तिसरी गोष्ट जुन्या डिस्कची. कचेरीतून आलेल्या संगणकात लोकांची कागदपत्रे, हिशेब व छायाचित्रे असतात. विकण्याआधी डिस्क पूर्ण पुसावी किंवा काढून नष्ट करावी. कोणाची अमानत अनोळखी माणसाच्या हाती जाऊ देऊ नये.

चौथी गोष्ट सचोटीची. हे गिऱ्हाईक माहितगार असते. 'तपासलेले नाही' आणि 'चालू आहे' यांत फरक आहे आणि तो स्पष्ट लिहून द्यावा. बॅटरी गळाल्याची खूण, बदललेला कंडेन्सर, पडद्यावरील डाग हे सारे छायाचित्रात दाखवावे. एकदा दोष झाकून विकलेले कार्ड परत येते आणि सोबत दहा गिऱ्हाइके घेऊन जाते. कार्डे हलकी असतात, दूरच्या गिऱ्हाइकाला पाठवता येतात. मॉनिटर मात्र जड व नाजूक असल्याने जवळच्या माणसालाच विकावा.

कर्ज काढून जुन्या यंत्रांचा साठा करण्याचा हा धंदा नव्हे. मागणी मर्यादित आहे आणि भाव शौकिनांच्या मर्जीवर हलतो. ज्यांचा भंगाराचा किंवा दुरुस्तीचा व्यवसाय चालूच आहे, त्यांनी एक फळी यासाठी राखून ठेवावी, आलेल्या प्रत्येक संगणकाचे झाकण उघडून दहा मिनिटे पाहावे आणि घरातील एका शिकलेल्या मुलाला ही कार्डे ओळखायला शिकवावे. यात गुंतवणूक वेळेची आहे, पैशाची जवळजवळ नाही. जे कार्ड कालपर्यंत पत्र्यासोबत काट्यावर चढत होते, ते निदान ओळखून तरी वेगळे ठेवता येईल.